दगड पुसणारी

साठी उलटून वर्ष होऊन गेलं तरी घरात ती चिमीच राहिली. बाहेर लोक तिला बाई म्हणत, मॅडम म्हणत; तिच्या हाताखाली शिकलेली माणसं तर तिच्यासमोर खुर्चीवरही बसत नसत. पण थोरल्या बहिणीच्या, म्हणजे ताईच्या लेखी ती चिमी. आणि चिमी म्हणजे कोण, तर आई अंथरुणाला खिळलेली असताना चौदा महिने डोंगरात जाऊन दगड पुसत बसलेली मुलगी.

'दगड पुसत बसलेली' हे ताईचे शब्द. सव्वीस वर्षांत तिने ते इतक्या वेळा ऐकवले होते की घरातल्या लहान मुलांनाही पाठ झाले होते.

त्या दिवशी मात्र कहर झाला. ताईच्या दहा वर्षांच्या नातीला शाळेसाठी घरातल्या मोठ्या माणसाच्या कामाबद्दल लिहून न्यायचं होतं. वही उघडून ती ऐटीत बसली आणि म्हणाली, "चिमीआजी, तू काय काम करायचीस गं?"

चिमी तोंड उघडणार एवढ्यात स्वयंपाकघरातून ताईचा आवाज आला, "लिही, दगड पुसायची."

नातीने लिहिलंसुद्धा.

चिमीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती उठून स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली. "ताई, मी काय पुसत होते ते तू एकदा तरी डोळ्यांनी बघितलंयस का?"

"दगडात काय बघायचं असतं?"

"उद्या चल. सकाळच्या बसने. आली नाहीस तर हा शब्द पुन्हा तोंडातून काढायचा नाही."

ताई तिचीच बहीण. हातातला चमचा ओट्यावर आपटून म्हणाली, "येते की! घाबरते का काय मी दगडांना?"

चिमी रसायनतज्ज्ञ होती. जुन्या मूर्तींवर, कोरीव भिंतींवर शतकानुशतकं साचलेली काजळी, तेल, क्षार, वटवाघळांची घाण काढायची, आणि ती काढताना मूळ कामाला नखभरही धक्का लागू द्यायचा नाही, असं तिचं काम. डोंगराच्या कड्यात कोरलेलं ते जैन लेणं तिच्या वाट्याला आलं तेव्हा ती पस्तिशीची होती. आतल्या दालनात डाव्या भिंतीवर एक यक्षी आहे, आंब्याच्या झाडाखाली बसलेली, मांडीवर लेकरू घेतलेली, असं जुन्या कागदांत लिहिलेलं होतं. प्रत्यक्षात ती भिंत तव्याच्या बुडासारखी काळी. चिमीने काडीला कापूस गुंडाळून, शुद्ध केलेल्या पाण्यात बुडवून ती भिंत पुसली. दिवसाला तळहाताएवढा तुकडा, कधी तेवढाही नाही. मुरलेले क्षार ओढून घ्यायला कागदाच्या लगद्याचे लेप लावायचे, ते वाळू न देता बरोबर वेळेवर काढायचे. आठव्या महिन्यात यक्षीचा चेहरा निघाला. त्या दिवशी चिमी परांचीवर एकटीच बसून रडली होती. चौदाव्या महिन्यात आई गेली, तेव्हाही ती परांचीवरच होती.

सकाळच्या बसने दोघी बहिणी निघाल्या. पायथ्याशी उतरल्यावर ताईने वर पाहिलं. एकशे ऐंशी पायऱ्या, कड्याला बिलगून गेलेल्या.

"तुझ्या त्या लोकांना खाली नाही का कोरता आलं?" ती गुडघा दाबत म्हणाली.

"मुनींना एकांत हवा होता."

"बरोबर आहे. नातेवाईक चढून येऊ नयेत म्हणूनच."

चिमीला हसू आलं, पण तिने ते गिळलं. आज हसायचं नाही असं ती ठरवूनच निघाली होती. दर वीस पायऱ्यांनी ताई बसायची, पाणी प्यायची, डोंगर कोरणाऱ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची आणि पुन्हा उठायची. पण परत फिरू या असं एकदाही म्हणाली नाही.

वर फाटकाशी म्हातारा पहारेकरी होता. चिमीला पाहून पूर्वीसारखा हसत पुढे यायच्या ऐवजी तो स्टुलावरून उठून नुसताच उभा राहिला.

"बाई, आज नेमक्या कशा आलात?"

"का? आज काय आहे?"

"आत साफसफाई चाललीय."

तो शब्द ऐकल्याबरोबर चिमी जागीच थबकली. "कसली साफसफाई?"

पहारेकऱ्याने मान खाली घातली. "मी सांगितलं होतं त्यांना. या भिंतीसाठी बाई वर्षभर इथे राबल्यात म्हटलं. पण माझं कोण ऐकतंय?"

चिमी त्याचं पुढचं ऐकायला थांबली नाही. ताईला मागे सोडून ती धावत सुटली. ओसरीचे खांब ओलांडून ती मधल्या दालनात शिरली. समोर गाभाऱ्यात पद्मासनात बसलेल्या तीर्थंकरांवर प्लास्टिकचा कागद गुंडाळलेला होता. जमिनीवर घोट्यापर्यंत बारीक वाळू. ती डावीकडे वळली.

यक्षी जागेवर होती. झाड होतं, लेकरू होतं, पायाशी सिंह होता. आणि सगळं रात्रभर पाण्यात राहिलेल्या साबणाच्या वडीसारखं दिसत होतं. पापण्यांची कड गेली होती. ओठांच्या जागी नुसता उंचवटा. गळ्यातल्या तीन पदरी हाराचा एक जाड दोर झाला होता. लेकराने आईचा हार मुठीत धरला होता. कोरणाऱ्याने त्याच्या इवल्याशा बोटांना नखंसुद्धा काढली होती. आता तिथे मातीचा लाडू चिकटवल्यासारखा गोळा होता. वरून वार्निशचा हात मारलेला. आणि कानाच्या पाळीमागे, तिने मुद्दाम हात न लावता राखलेला, तांदळाच्या दाण्याएवढा मूळ लाल रंग... तिने मान वाकडी करून पाहिलं. तिथे स्वच्छ राखाडी दगड होता.

ताई धापा टाकत मागून येऊन उभी राहिली. बराच वेळ ती भिंतीकडे बघत होती. मग पदराने तोंड पुसत, चिमीने कित्येक वर्षांत ऐकला नव्हता अशा हळू आवाजात म्हणाली, "चिमे, किती छान आहे गं. केवढं स्वच्छ केलंयस. चकचकतंय नुसतं." थोडं थांबून ती म्हणाली, "मी उगाच बोलत होते तुला."

हे ऐकायला चिमीने सव्वीस वर्षं वाट पाहिली होती. आणि ऐकायला मिळालं ते या भिंतीसमोर.

"हे मी नाही केलं."

"अगं, मग?"

"हे मी नाही केलं, ताई! वाट लावलीय कुणीतरी! तुला दिसत नाही का?"

तिचा आवाज दगडात घुमून परत आला. ताई एक पाऊल मागे सरली. चिमीने तिचा हात धरून ओढला आणि लेकराच्या मुठीवर ठेवला. "इथे पाच बोटं होती. पाच! प्रत्येकाला नख होतं. हे बघ, आता एक तरी लागतंय का हाताला?"

"तू मोजली होतीस?"

"मोजली होती? एकेक करून बाहेर काढली होती मी! एका बोटाला दोन-दोन दिवस लागले होते!"

ताईने हात काढला नाही. आंधळं माणूस चेहरा चाचपतं तशी ती त्या गोळ्यावरून बोटं फिरवत राहिली.

तेवढ्यात उजवीकडच्या दालनात यंत्र घरघरलं. मघापासून बंद होतं, जेवणाची सुट्टी असावी. चिमी तिकडे धावली. तिथल्या भिंतीवर दोन पुरुष उंचीचा बाहुबली होता, तपात इतका निश्चल उभा की पायांवरून मांड्यांवर, मांड्यांवरून दंडांवर वेली चढलेल्या. त्याच्यासमोर तोंडाला फडकी बांधलेले दोघे कामगार जाड पाइप धरून उभे होते. पाइपातून दाबाने वाळूचा फवारा सुटत होता. डाव्या घोट्याजवळची वेल वीतभर खरवडली गेली होती.

चिमीने यंत्राचं बटण बंद केलं. तेवढ्यावर भागलं नाही म्हणून वायरच उपटली.

"ओ मावशी!" बाजूला उभा असलेला मुकादम ओरडला. "लागलं बिगलं तर आमच्या नावाने बोंब होईल. व्हा बघू बाजूला."

"मी तुझी मावशी नाही. कुणी सांगितलं तुला हे करायला?"

"वरून हुकूम आहे. सगळं काळं पडलं होतं, साफ करायचं."

"काळं पडलं होतं? डाव्या भिंतीवरची ती बाई काळी होती?"

मुकादम गोंधळला. "ती एवढी नव्हती. पण सगळं एकसारखं दिसायला पाहिजे म्हणाले साहेब."

"तुमच्या साहेबांना बोलवा," चिमी म्हणाली आणि बाहुबलीच्या पायाशी भिंतीला पाठ लावून उभी राहिली. "ते येईपर्यंत फवारा मारायचा असेल तर आधी माझ्यावर मारा."

कामगारांनी पाइप खाली टाकला. मुकादम फोन कानाला लावत बाहेर गेला. ताई दारातल्या दगडी उंबऱ्यावर पाय पसरून बसली आणि बहिणीकडे टक लावून बघत राहिली. चिमीला सगळ्यांचाच राग आला होता. मुकादमाचा, मान खाली घालणाऱ्या पहारेकऱ्याचा, साबणालाही छान म्हणणाऱ्या ताईचा. आणि गेल्या नऊ वर्षांत इकडे एकदाही न फिरकलेल्या स्वतःचा तर सगळ्यांत जास्त.

साहेब अर्ध्या तासाने आले. तरुण, नीट इस्त्री केलेला शर्ट, घामाने पाठीला चिकटलेला. खालच्या कार्यालयात बसून ते तीन-चार लेण्यांची कामं बघत. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. पण बोलणं गोड.

"मॅडम, तुमच्या भावना मी समजू शकतो."

"भावना राहू द्या. हा दगड किती कठीण आहे, वाळू किती कठीण आहे, कुणी तपासलं होतं? आधी कोपऱ्यात कुठे चाचणी घेतली होती?"

"पुढच्या आठवड्यात मोठी माणसं येणार आहेत. वेळ कमी होता. शिवाय बघायला येणारे तक्रार करतात, आत अंधार वाटतो, मूर्ती कळकट दिसतात."

"म्हणून नाक-डोळे खरवडून काढले?"

"मॅडम, जरा शांत व्हा." साहेबांनी गाभाऱ्याकडे हात केला. "ही क्षमेची जागा आहे. इथे तरी इतका राग बरा नाही."

"क्षमा करायला ते बसलेत आत," चिमी म्हणाली. "त्यांना तुम्ही प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलंय. मी खालची माणूस आहे. मला राग येतो."

साहेबांचा चेहरा किंचित कडक झाला. "हे बघा, डाव्या भिंतीवर तुम्ही पूर्वी काम केलं होतं असं पहारेकरी म्हणतो. असेलही. पण आमच्या कार्यालयात तशी नोंद नाही. मी सगळ्या फायली बघूनच काम सुरू केलं. या लेण्यात याआधी कधीही शास्त्रीय स्वच्छता झालेली नाही. कागदावर तरी नाही."

चिमीचे अहवाल होते, दोनशे छायाचित्रं होती, रोजच्या कामाची टिपणं होती. तिने स्वतःच्या हाताने गठ्ठे बांधून दिले होते. कुठल्या कपाटामागे, कुठल्या बदलीत ते गेले, देव जाणे. चौदा महिने म्हणजे तिच्या आयुष्याला पडलेलं केवढं मोठं भोक, आणि हा पोरगा म्हणत होता की ते नव्हतंच.

"नोंद नाही?"

ताई बोलली होती. उंबऱ्याला हात टेकून, गुडघ्यावर जोर देत ती उठली. "काय म्हणालात साहेब, नोंद नाही?"

"आजी, तुम्ही यात..."

"आजी असेन मी, बहिरी नाही. नोंद मी आहे. लिहून घ्या. आमची आई चौदा महिने खाटेवर होती. तिला उठवणं, बसवणं, भरवणं, कूस बदलणं, सगळं मी एकटीने केलं. का? तर ही इथे होती. हा तुमचा दगड पुसत होती. आई शेवटच्या दिवसांत दाराकडे बघायची. धाकटी आली का विचारायची. मी म्हणायची, येतेय, वाटेत आहे. ती वाटेत नव्हती, इथे होती! मातीला पोचली नाही ही. सव्वीस वर्षं मी हिला शिव्या घालतेय, सणसणीत, चार माणसांत. आणि तू मला सांगतोस की ही इथे नव्हतीच? मग होती कुठे? कुणाला शिव्या दिल्या मी इतकी वर्षं?"

ताईच्या तोंडाचा पट्टा घरात सगळ्यांनी खाल्ला होता. साहेब त्याला नवे होते. ते दोन पावलं मागे गेले आणि वाळूच्या ढिगात त्यांचा बूट रुतला. कामगारांपैकी एकाने फडक्याआड हसू दाबलं.

"आजी, माझ्या वडिलांच्या वयाच्या माणसांनीसुद्धा मला..."

"वडिलांना घेऊन ये. त्यांनाही सांगते." ताईने यक्षीच्या भिंतीकडे बोट रोखलं. "त्या लेकराला बोटं होती. पाच. मी आत्ता हात लावून बघितलंय, एकही राहिलेलं नाही. माझ्या आईचे चौदा महिने त्या बोटांत गेलेत. भरून देतोस?"

पहारेकरी दारात येऊन उभा राहिला होता. तो पहिल्यांदाच मान वर करून म्हणाला, "साहेब, काम थांबवा. मी लिहून देतो की बाई इथे होत्या. सही करतो."

साहेबांनी तिथेच, पेटीवर कागद ठेवून, काम थांबवल्याचं पत्र लिहिलं. चिमीने ते दोनदा परत करून तिसऱ्यांदा लिहून घेतलं. 'किरकोळ झीज' खोडून 'कायमची हानी' लिहायला लावलं. तोवर दुपार कलली होती.

उतरताना साठाव्या पायरीवर ताई बसली. चिमीही शेजारी टेकली. खाली शेतं, रस्ता, मुंगीएवढी बस.

"एक विचारू?" ताई म्हणाली. "आई जायच्या दोन दिवस आधी मी फोन केला होता. लगेच ये म्हटलं होतं. का नाही आलीस?"

हा प्रश्न तिने इतक्या वर्षांत कधी विचारला नव्हता. शिव्या दिल्या होत्या, प्रश्न नाही.

"चेहऱ्यावर लेप होता," चिमी म्हणाली. "मध्येच सोडला असता तर वाळताना दगडाचा पापुद्रा घेऊन सुटला असता. तीन दिवस लागणार होते. मला वाटलं, तीन दिवस आई थांबेल."

"नाही थांबली."

"हो."

"लेप!" ताई म्हणाली आणि रागाने पायरीवरचा खडा उचलून तिने दरीत भिरकावला. "लेप म्हणे. मी होते ना घरात जिवंत माणसाला लेप लावत. पाठीला जखमा झाल्या होत्या तिच्या."

"माहीत आहे."

"नाही माहीत तुला. तू बघितलं नाहीस." तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज कोरडा होता. "मी माफ बिफ केलेलं नाही हं तुला. तिथे बोलले ते त्या पोराचा राग आला म्हणून."

"मी मागितलीही नाही माफी."

"माग की मग!"

"ताई, चुकलं माझं," चिमी म्हणाली. बोलल्यावर तिला हलकं वगैरे काही वाटलं नाही. नुसतं ताईच्या गुडघ्यावर हात ठेवून ती बसून राहिली. बऱ्याच वेळाने ताई म्हणाली, "ऊठ आता. बस गेली तर या दगडांतच झोपावं लागेल."

त्यानंतर चार महिने पत्रापत्री झाली. चौकशी समिती बसली, चहा पिऊन उठली, पुन्हा बसली. साहेबांची बदली झाली, बढतीवर झाली असं ऐकून चिमीने फोनच आपटला. शेवटी बाहुबलीची भिंत योग्य पद्धतीने साफ करायचं ठरलं, आणि देखरेखीला तिला बोलावलं. यक्षीचं काही करता येईल का, असं समितीतल्या एकाने विचारलं, तेव्हा तिने त्याच्या समोरचा कागद ओढून घेतला आणि त्यावर एकच शब्द लिहिला : अशक्य.

कामाला माणसं हवी होती. पहिल्याच दिवशी तो मुकादम येऊन उभा राहिला. म्हणाला, "बाई, ते कापसाचं काम मला शिकवा. मी लावलेला हात मलाच झोपू देत नाही."

"तुझं तोंड बघायची माझी इच्छा नाही," चिमी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. तिसऱ्या दिवशी तिने त्याच्या हातात काडी आणि कापूस दिला.

तिने त्याला चिडून चिडूनच शिकवलं. जोर लावला की ओरडायची, कापूस मळला आणि त्याने बदलला नाही की ओरडायची. तो निमूट ऐकायचा. आणि काम सुरू करायच्या आधी रोज ती त्याला डाव्या भिंतीसमोर घेऊन जायची. "ठेव हात," म्हणायची. तो यक्षीच्या लेकराच्या मुठीवर हात ठेवायचा. मग ती म्हणायची, "आता चल," आणि दोघं परांचीवर चढायची. एकदा त्याने विचारलं, "बाई, हे अजून किती दिवस?"

"मला राग आहे तोवर," ती म्हणाली आणि वेलीच्या पहिल्या पानावर दिवा धरला.